कर्नलसाहेबांची येळवस

देवणीपासून कोसभरावर हिप्परवाडी आहे. हे गाव जागचं न हलता तीन जिल्ह्यांत राहून आलं. निजामाच्या राज्यात बिदर, मग उस्मानाबाद आणि आता नवा लातूर जिल्हा. त्याच गावच्या विरूपाक्ष बिरादाराचं बरोबर उलटं. तो देहरादूनपासून आसामपर्यंत हिंडला, ब्रिगेडियर होऊन परत आला, पण कुठं एका जागी टेकला म्हणाल तर नाव नको. गावातली थोरली माणसं अजून म्हणतात, "इरुपाक्षाच्या पायात भिंगरी न्हवती वो, भवरा होता भवरा!"

लहानपणी जेवायलासुद्धा तो एका पायावर बसायचा. उदगीरच्या शाळेतले मौलवीसाब रोज ओरडायचे, "बैठ जाव, बिरादार!" आणि बिरादार बसल्यासारखं करून पुन्हा खिडकीत. थोरला भाऊ मलप्पा मात्र एकदा बांधावर बसला की त्याला उठवायला कुणीतरी बैल सोडल्याची हूल द्यावी लागे. एकाच आईची ही दोन लेकरं. आता काय म्हणायचं!

पोलीस ॲक्शनच्या साली उदगीरच्या रस्त्यानं लष्कराच्या गाड्या धूळ उडवत गेल्या. रझाकारांच्या धास्तीनं दारं लावून बसलेलं गाव बाहेर आलं, आणि विरूपाक्ष त्या गाड्यांमागं पळत सुटला तो पार ओढ्यापर्यंत. संध्याकाळी मातीनं माखून घरी आला आणि बापाला म्हणाला, "मी त्यात जाणार." बाप पोट धरून हसला. "आरं, लिंगायताचं पोरगं तू. दुकान टाक, न्हाईतर शेत बघ. बंदूक घिऊन काय हरभरा राखतूस?"

पोरगं हट्टाला पेटलं होतं. नांदेडला कॉलेजात गेलं आणि तिथूनच, घरात कुणाला न विचारता, देहरादूनला पोचलं. कळल्यावर आईनं अन्न सोडलं. मग तिचं तिनंच धरलं आणि सांगून पाठवलं, "गळ्यातलं लिंग काढू नगंस, मांसाला शिवू नगंस. बाकी तुजं नशीब." दोन्ही त्यानं पाळलं. मेसमध्ये बाकीचे साहेब कोंबडीच्या तंगड्या सोलत असायचे आणि हा वाढप्याला विचारायचा, वांगं हाय का वांगं?

लष्करात असल्या माणसाला भाव असतो, बरं का. गाव ज्याला उनाड म्हणतं त्याला तिकडं धडाडीचा म्हणतात. "पुढं जाऊन बघून येतो" हे त्याचं पालुपद. बाकीचे नकाशे उलगडायचे, तोवर हा डोंगर चढून खाली उतरलेला असायचा. पासष्टच्या लढाईत असाच पुढं गेला आणि मांडीत गोळी घेऊन आला. तेव्हापासून मांडी घालून बसणं त्याला जडच जायचं, म्हणजे आधीच नाचरा, त्यात हे निमित्त. एकाहत्तर उजाडलं तेव्हा त्याच्या हाताखाली अख्खी पलटण होती. लेफ्टनंट कर्नल विरूपाक्ष बिरादार. गावानं 'लेफ्टनंट' गाळलं आणि 'कर्नलसाहेब' करून टाकलं.

आता ईश्वराचं सांगितलं पाहिजे. गल्ली सोडून पलीकडं बसलिंगप्पाचं घर. बसलिंगप्पा आणि शांतम्माला एकच मुलगा, ईश्वर. त्याला गाड्यांचा नाद. उदगीरच्या एका मालट्रकवर क्लीनर होता, तिथंच गाडी शिकला. कर्नलसाहेब रजेवर आले तेव्हा नवराबायको त्याला घेऊन दारात उभे राहिले. शांतम्मा पुढं झाली. "न्यायचा तर न्या साहेब. पर माज्या लेकराला नजरंआड करू नगा."

"वैनी, माझ्या नजरेपुढं ठेवतो," विरूपाक्ष म्हणाला.

आणि शब्दाला जागला तो! ईश्वर भरती झाला, तयार झाला, तसा त्यानं त्याला स्वतःच्या जीपवर ड्रायव्हर घेतला. गावचं पोर आपल्या शेजारी बसलेलं बरं, असं त्याला मनापासून वाटलं. चूक झाली ती इथंच. ज्याला एका जागी बसवत नाही त्याच्या गाडीवर पोरगा बसवला.

लढाईचे शेवटचे दिवस होते. पूर्व बंगालात नदीवरच्या एका पुलाकडं पलटण सरकत होती. रस्त्यात सुरुंग पेरलेले, आणि ते शोधणारी तुकडी पुढं वाकून वाकून काम करत होती. ईश्वरनं जीप थांबवली आणि म्हणाला, "साहेब, उलीसं थांबू या का?" साहेबाला कुठला धीर! "चल, पुढं बघून येऊ." चाक सुरुंगावर गेलं ते ईश्वरच्या बाजूचं. विरूपाक्ष भाताच्या चिखलात जाऊन पडला. कानातून रक्त येत होतं. उठला, गाडीकडं एकदा बघितलं, ईश्वर जागीच गेला होता, आणि पायीच पुढच्या कंपनीकडं पळाला. अंधार पडायच्या आत पूल हाती आला. त्याबद्दल वीरचक्र मिळालं. छाती फुगवून सांगावी अशीच ती कामगिरी होती, त्यात शंका नाही. पण ज्या माणसाच्या छातीवर ते चक्र लावलं त्याला त्या दिवसापासून झोप येईनाशी झाली.

वर्षभर तो गावाकडं फिरकला नाही. आला तो बहात्तर सरताना, ऐन दुष्काळात. विहिरींच्या तळाला भेगा. मलप्पानं घरची देवणी बैलांची जोडी हाळीच्या बाजारात नेऊन विकली होती, आणि त्या दिवसापासून तो कुणाशी नीट बोलत नव्हता. रानात नजर जाईल तिथवर नुसती काळी ढेकळं. पलीकडं नांदेडकडंही तीच गत, हदगावकडून आलेले लोक सांगायचे.

पहिल्याच दिवशी मलप्पाची बायको गुरम्मा पाण्याचा तांब्या देत म्हणाली, "भावजी, आदी बसलिंगप्पाकडं जाऊन या. शांतम्मा दुखवटा धरून बसली. भावकी गेली हुती काढायला, तिनं कुणाच्या हातचा घास घेतला न्हाई."

"का?"

"मन्ली, साहेब यिऊ द्या. लेकराला जाळलं का बसवलं ते त्यास्नीच ठाव. ते कळल्याबगर माज्या घशाखाली गोड उतरायचं न्हाई."

लिंगायतात माणूस गेलं की त्याला जाळत नाहीत. खड्ड्यात बसवतात, मांडी घालून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवून. आणि घरात मौत झाली की वर्षभर सण नसतो. मधे कुणी आपलं माणूस गोडाचा घास घेऊन येतं, घरच्यांना भरवतं, तेव्हा दुखवटा निघतो. हे सगळं विरूपाक्षाला माहीत होतं. त्याच्याकडं उत्तरही होतं. पूल घेतला त्याच रात्री त्यानं परत येऊन ईश्वरला बसवलं होतं, स्वतःच्या हातानं. पण शांतम्मा एकच विचारून थांबली नाही तर? गाडी पुढं कामून गेली, असं विचारलं तर? त्या एका प्रश्नापायी हा वीरचक्रवाला गडी बसलिंगप्पाची गल्ली टाळून मागच्या बाजूनं जाऊ लागला.

"जातो वैनी, उद्या," तो म्हणाला. आणि उद्या गेला तो थेट उदगीरच्या तहसिलात.

तिथं त्यानं इतक्या चकरा घातल्या की साहेब लोक त्याला बघून उठून उभे राहायचे. शेवटी हिप्परवाडीला पाझर तलावाचं काम मंजूर झालं. मग काय विचारता! रजेवरचा कर्नल, पण बांधावर पलटण उभी केली त्यानं. बायकांची ओळ वेगळी, गड्यांची वेगळी, दगडाची टोळी वेगळी, शिट्टी वाजली की पाटी उचलायची. सरकारी ओव्हरसियर बिचारा कोपऱ्यात छत्री धरून उभा. त्याला कुणी विचारीना आणि त्यालाही बरंच वाटत होतं. म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. "आगं बाई, ह्यो काय आपल्याला पाकिस्तानावर घिऊन चाललाय का!"

बसलिंगप्पाही त्या बांधावर कामाला होता. दगडाच्या टोळीत. विरूपाक्ष दिवसभर बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा, फक्त दगडाच्या टोळीजवळ त्याचं पाऊल भरभर पडायचं. बसलिंगप्पा मान वर करून बघायचा आणि पुन्हा खाली घालायचा. बोलायला तो कधी आला नाही. ह्याचाच विरूपाक्षाला जास्त राग यायचा, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

अशात येळवस जवळ आली.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्या भागात त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही. सगळी माणसं रानात. कडब्याची कोप उभारायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. त्यांची पूजा, मग भज्जी, आंबील, उंडे, खीर. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात. बांधावर आलेल्या माणसाला, मग तो वैरी का असेना, जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. दिवाळी एकवेळ चुकली तर चालेल, पण येळवस चुकवलेला माणूस इकडं शोधून सापडायचा नाही.

ओव्हरसियर भीत भीत आला. "साहेब, परवा सुट्टी..."

"कसली सुट्टी?"

"येळवस हाय न्हवं का."

"रानात ढेकळं आहेत. पुजणार काय? बांध मागं पडलाय. काम चालू राहील," विरूपाक्ष म्हणाला आणि शिट्टी वाजवून तसं सगळ्यांना सांगूनही टाकलं. लोक ऐकून घेतल्यासारखं करून घरी गेले.

रात्री मलप्पा जेवता जेवता थांबला. महिनाभरात पहिल्यांदा तो इतकं बोलला. "इरुपाक्षा, रान हिरवं असताना कुणीबी पुजतंय. आवंदा त्याच्या अंगावर काय न्हाई मनून त्याला एकटं सोडावं का? तुज्या घरात कुणी आजारी पडलं तर तू त्याला सोडून कामाला जातूस का?"

"अण्णा, पाऊस यायच्या आत बांध..."

"बांध, बांध! तू लई हिंडलास, आन् सगळं इसरून आलास."

येळवसच्या सकाळी विरूपाक्ष उजाडताच बांधावर गेला. शिट्टी वाजवली. कुणी नाही. ऊन वर आलं, पुन्हा वाजवली. गावाकडून डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका रानाकडं चालल्या होत्या. कडबा कुठला, तर बेशरमाच्या फांद्या आणि जुनी लुगडी टाकून कोपी केल्या होत्या. आंबील रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या पिठाची, आणि ताक मिळालं नाही म्हणून चिंचेच्या पाण्यात कालवलेली. तरी आरोळ्या द्यायच्या त्या दिल्याच लोकांनी. उघड्याबोडक्या रानात चारी बाजूंनी माणसांचे आवाज येत होते, आणि पलटणीचा अंमलदार रिकाम्या बांधावर एकटा उभा होता. त्याला असं लाजल्यासारखं झालं की शिट्टी त्यानं खिशात घातली. आपण इथले, आणि आपल्यालाच हे कळू नये!

तेवढ्यात बांधाच्या खालून बसलिंगप्पा पाटी घेऊन वर आला. एकटाच.

"तू कसा रे?" विरूपाक्षाच्या तोंडून गेलं.

"आमच्या घरी सण न्हाई, साहेब. दुखवटा हाय. घरी बसून काय करू? मन्लं काम चालू हाय मन्ले साहेब, मग जावं."

आता पळायला जागा नव्हती. बसलिंगप्पानं पाटी खाली ठेवली, दगडावर टेकला आणि कपाळ पुसलं. तो काही विचारीना. विरूपाक्ष उभाच. शेवटी त्यालाच असह्य झालं.

"बसूअण्णा, मला काही विचारायचं नाही का तुला?"

"मला काय इचारायचं? इचारणारी घरी हाय. म्या तर रोज बगून राहिलो तुमच्याकडं. तुमी इतं तितं पळून राहिलाव. मन्लं, मानूस सोताहून यील तवा यील."

विरूपाक्ष कामाच्या छपरात गेला. तिथं मजुरांना वाटायची सुकडी डब्यात होती. मूठभर सुकडी त्यानं रुमालात बांधली. दुखवटा काढायला रिकाम्या हातानं जायचं नसतं, आणि दुसरं गोड आणणार कुठून? "चल," तो म्हणाला, आणि दोघं गावात गेले.

शांतम्मा जोत्यावर बसली होती. त्याला बघून उठली, पदर नीट केला, पोतं अंथरलं. तो बसला नाही. तिनं दुसरं काही न बोलता विचारलं, "जाळलं का बसवलं?"

"बसवलं, वैनी. मी खड्ड्यात उतरलो होतो. मांडी घालून बसवलं. लिंग डाव्या हातावर ठेवलं."

"बेलपान?"

"बेल नाही मिळाला. नदीकाठची जी पानं मिळाली ती घातली."

"आन् तोंडात वाईच पानी?"

"घातलं."

तेव्हा ती रडली. वर्षाचं साचलेलं सगळं बाहेर आलं. बसलिंगप्पा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "लई उपकार झाले साहेब. घाला तुमच्या हातानं." आणि तोंड पुढं केलं.

विरूपाक्षानं रुमालातून घास घेतला. हात तिच्या तोंडापर्यंत गेला आणि तिथंच अडला. ह्या घासावर सगळं मिटलं असतं. कुणाला कधी कळलं नसतं. पण हात पुढं जाईना.

"वैनी, आधी ऐका. तो म्हणाला होता, थांबू या. रस्त्यात सुरुंग होते. मीच म्हटलं, चल. मला थांबवेना. मी थांबलो असतो तर आज..."

बसलिंगप्पा वळला होता. बाहेर कुणीतरी रानातून कुणाला तरी हाका मारत होतं. मग शांतम्मानं विरूपाक्षाच्या हातातला घास स्वतःच्या हातानं काढून घेतला, आणि खाल्ला. नवऱ्यालाही दिला.

"दुखवटा लेकराचा हाय, त्यो म्या काढला," ती म्हणाली. "तुमचं येगळं. तुमास्नी म्या माफ करून राहिले असं समजू नगा."

"नाही."

"तुमास्नी बसवत न्हाई मनून माजं लेकरू मातीत बसलं. आता तुमी बी बसायचं. दर येळवसला आमच्या रानात यिऊन बसायचं. उजाडल्यापासून दिस बुडूस्तोर. काम न्हाई, फिरनं न्हाई, बोलनं न्हाई. तुमचं सरकार आन् तुमची पलटन मला ठाव न्हाई. न्हाई आलाव तर म्या बाईमानूस काय करनार तुमचं? पर मला कळंल."

आणि त्याच दिवशी, ऊन डोक्यावर आलेलं असताना, तिनं त्याला रानात नेऊन बांधाखाली बसवलं. लोकांनी शेजारच्या रानांतून मान उंचावून बघितलं. कर्नलसाहेब आन् बसलेत! काय झालं काय? मांडीतली जुनी जखम ठणकत होती, मुंग्या चढत होत्या, आणि समोर बघायला ढेकळांशिवाय काही नव्हतं. पळत असताना जे मागं राहायचं ते सगळं तिथं समोर येऊन उभं राहिलं. शत्रूच्या माऱ्यात त्याला कधी रडू आलं नव्हतं, ते त्या दिवशी आलं.

रजा संपली. पण पुढची येळवस आली आणि विरूपाक्ष आला. त्याच्या पुढची आली, तेव्हाही आला. लष्करात ही मोठी गंमत होऊन बसली. दिवाळी, होळी, पोंगल, ओणम, सगळं तिथं ठाऊक. हे कुठलं काढलं? वरच्या साहेबानं विचारलं, "हा सण असतो तरी कधी?" विरूपाक्ष म्हणाला, "सर, कधी डिसेंबरात, कधी जानेवारीत." साहेब म्हणाला, "बिरादार, आम्हाला सांग, बाई आहे का कुणी?" "आहे सर," हा म्हणाला. झालं! मेसमध्ये महिनाभर दुसरा विषय नव्हता.

उदगीर स्टेशनवर दरवर्षी जिलानी टांगा घेऊन उभा असायचा. बोलावं लागत नव्हतं. "आओ साब. अमावस आयी की मैं घोडे को खरारा करके रखता," तो म्हणायचा. एका वर्षी त्यानं विचारलंच. "साब, बुरा मत मानो, पन क्या गुनाह करे आप?" जिलानीनं लगाम ओढला आणि हळूच म्हणाला, "जाने दो. नक्को बोलो."

शांतम्मा त्याला दुपारी पत्रावळीवर वाढायची आणि निघून जायची. साहेब, घ्या. साहेब, आनिक. एवढंच. ईश्वरचं नाव तिनं त्या रानात काढलं नाही, आणि त्यालाही बोलायची बंदी होती.

ब्रिगेडियर झाल्यावर मेजर जनरल व्हायची वेळ आली. मोठी कवायत लागली होती, दिल्लीहून साहेब लोक येणार होते, ज्याचं काम नजरेत भरेल त्याचं सोनं होणार होतं. आणि बरोबर मधोमध येळवस. बायकोनं, रुद्राणीनं, देव पाण्यात ठेवायचेच बाकी होते. "आवो, एक साल न्हाई गेलाव तर ती बाई काय फाशी देणार हाय का?"

"नाही. पण तिला कळंल."

"आन् मला काय कळत न्हाई? जनरलीण व्हायचं होतं मला!" रुद्राणी रागानं रडली. तो गाडीत बसला. पद गेलं ते गेलंच. रुद्राणी पुढं किती वर्षं तरी ते बोलून दाखवायची, आणि खरं सांगायचं तर तिचं काही चुकत नव्हतं.

निवृत्त होऊन तो हिप्परवाडीला आला त्याच साली लातूर जिल्हा झाला. उदगीरपर्यंत पताका लागल्या होत्या. नवा जिल्हा, नव्या कचेऱ्या, आणि आपल्यात एक ब्रिगेडियर हाय म्हटल्यावर लोकांनी त्याला सोडलं नाही. आज इथं सत्कार, उद्या तिथं झेंडा, परवा उभे राहा साहेब निवडणुकीला. हाही जीप काढून सुटायचा. रुद्राणी म्हणायची, "पेन्शन घेतलं कुणी? ह्यांनी का ह्यांच्या पायांनी?" घरात तो अजूनही जेवण झाल्या झाल्या अंगणात येरझाऱ्या घालायचा. वर्षात एकच दिवस त्याचे पाय गप्प असायचे.

नव्या जिल्ह्यातली पहिली येळवस. बसलिंगप्पाच्या रानात हरभरा चांगला आला होता. कडब्याची कोप दणदणीत झाली होती. बसलिंगप्पा आता वाकला होता, शांतम्माचे केस पांढरे झाले होते, पण भज्जीचं पातेलं तिनंच उचललं. विरूपाक्ष उजाडताच येऊन बांधाखाली बसला. दिवसभर माणसं आली, जेवली, गेली. नव्या जिल्ह्याच्या गप्पा झाल्या, हसणं-खिदळणं झालं. तो बसून होता. आताशा त्याला मुंग्याही चावत नव्हत्या, किंवा चावल्या तरी कळत नव्हतं.

दिवस बुडाला. आजूबाजूच्या रानांतून पेटत्या पेंढ्या घेऊन पोरं बांधाकडेनं पळत होती. बायका भांडी टोपल्यांत भरून निघाल्या. विरूपाक्षानं नेहमीसारखा गुडघ्यावर हात ठेवला आणि उठायला लागला.

"कुटं निगालाव, भावजी?"

तो थबकला. शांतम्मा पदरानं हात पुसत जवळ आली आणि त्याच्यासमोर, जमिनीवर, हुश्श करून बसली.

"दिस बुडाला, वैनी."

"बुडू द्या की. दिसभर राबून आता कुटं मोकळी झाले मी. तुमी निगालाव तर बोलू कुनाशी? ईश्वऱ्याचं कायतरी सांगा. मेल्याचं नगं. जित्यापनीचं सांगा. तितं कसा ऱ्हायचा, काय करायचा. माज्यापाशी त्याचं दोन सालांचं काईच न्हाई."

विरूपाक्ष पुन्हा खाली बसला.

"एकदा जनरलसाहेब माझ्या जीपमध्ये मागं बसले होते," तो म्हणाला. "ईश्वर चालवत होता. समोर उतार आला. त्यानं ब्रेक दाबला आणि मोठ्यांदा ओरडला, 'हो, हो, हो राजा!' बैलाला म्हणतात तसं. जनरलसाहेब मला विचारतात, हा कुणाशी बोलतोय?"

शांतम्मा आधी नुसती बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, इतकं की तिला धाप लागली. "बापाचं वळान! आवो ऐकलाव का?" तिनं बसलिंगप्पाला हाक मारली. "तुमी सायकलीला बी हो हो करताव, तसंच त्यो जीपगाडीला करायचा मनं! या, बसा इतं." बसलिंगप्पा काठी टेकत आला आणि बसला. तिनं डोळे पुसले, पाय पुढं पसरले, आणि म्हणाली,

"आनिक सांगा."